जुनं क्वार्ट्झ डायव्हर घड्याळ: सेकंड काटा उड्या मारतोय, घ्यावं की सोडावं?

गोदाकाठी
मंडळी, सिकोचं ७५४८-७००० हे जुनं क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) डायव्हर घड्याळ बघितलंय. ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या) भावंडाचे, ६३०९ चे, भाव ऐकले की हात आखडतो, त्यामानाने हे क्वार्ट्झ परवडतंय. पण नाशिकच्या मेन रोडला घड्याळवाल्यांना विचारलं तर उत्तर एकच: "जुनं क्वार्ट्झ घेऊ नका, सर्किट गेलं की भंगार." या तुकड्यात तीन गोष्टी खटकतात. सेकंड काटा दोन-दोन सेकंदांनी उडी मारतो. बेझल (काचेभोवतीचं फिरतं कडं) अर्ध्यात अडकते. आणि विकणारा म्हणतो, १५० मीटर लिहिलंय, बिनधास्त पोहा. जाणकारांनी सांगा, यातलं किती गंभीर आहे?

किलोओहम
काटा दोन सेकंदांनी उडतोय ही उलट चांगली बातमी. या मशीनमध्ये ती सेल संपत आल्याची खूण म्हणून मुद्दाम दिलेली सोय आहे. म्हणजे सर्किट जिवंत आहे आणि मोटरच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉईलही शाबूत आहे.

"सर्किट गेलं की भंगार" हे आजच्या प्लास्टिक मशीनना लागू पडतं. ७५४८ १९७८ मध्ये आलं, तेव्हा क्वार्ट्झ ही महागाची वस्तू होती आणि मशीन तशीच बांधलेली आहे: धातूच्या प्लेट, ५ ज्वेल (झीज कमी करणारे खडे), सगळं स्क्रूवर. पूर्ण खोलून धुता येतं, तेल घालता येतं. आकर्षण आहे ते इथेच. केस, काच, बेझल सगळं ऑटोमॅटिक भावंडांच्या तोडीचं, पण गर्दी ऑटोमॅटिकमागे असल्याने याचा भाव दबलेला.

सेल एसआर ४३ एसडब्ल्यू, म्हणजेच ३०१ नंबर. दुकानात त्याच मापाचा स्वस्त एलआर ४३ हातात ठेवतील, तो घेऊ नका. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल संपेपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो लवकर पाझरतो. एकदा पाझरला की हिरवी बुरशी आधी सेलच्या पट्टीवर, मग सर्किटवर चढते.

घेण्याआधी मागचं झाकण उघडायलाच लावा. हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर भाव पाडा नाहीतर उठा. कॉईलकडे नीट बघा, तार केसापेक्षा बारीक असते. सेल काढताना कुणाचा स्क्रू-ड्रायव्हर घसरला असेल तर तिथे चरा दिसतो. मल्टिमीटर असेल तर सेल काढून कॉईलची दोन टोकं मोजा: एक ते चार किलोओहमच्या दरम्यान आकडा आला तर ठीक. काहीच आलं नाही तर तार तुटली आहे.

गोदाकाठी
म्हणजे नवा सेल टाकूनही काटा उडतच राहिला तर?

किलोओहम
तर आधी सेल खरंच ताजा आहे का ते मोजा, दुकानात वर्षानुवर्षं पडलेले असतात. सेल चांगला असून वर्ष-सहा महिन्यांत संपत असेल तर तेल वाळून गिअर जड झालेत, मोटर जास्त करंट ओढतेय. मशीन धुऊन तेल घाला. सर्किट बदलायच्या नादी लगेच लागू नका.

सहावा_आकडा
मशीनचं झालं, डायलचं बघा. आपल्याकडे रंगवलेल्या डायलचा इतका सुळसुळाट आहे की परदेशातले लोक त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात! अस्सल डायलच्या खालच्या कडेला, सहाच्या दोन्ही बाजूंना, अगदी बारीक अक्षरांत कोड छापलेला असतो. रंगवणारे तो बहुधा गाळतात किंवा जाड, फुगीर छापतात. भिंग घेऊन तारखेच्या खिडकीची कड पाहा, तिथे रंग साचलेला दिसला की समजा. तीन काट्यांवरचा आणि डायलवरचा अंधारात चमकणारा रंग एकाच छटेचा पिवळट हवा. काटे पांढरेशुभ्र आणि डायल पिवळट असेल तर काटे बदललेले. अंधारात चमकत नाही म्हणून मात्र नाकारू नका, इतक्या वर्षांनी न चमकणं हेच स्वाभाविक.

मागच्या सिरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. '८१' ने सुरू होत असेल तर जानेवारी १९७८ किंवा १९८८, पण ७५४८ ऐंशीच्या दशकाच्या मध्यालाच थांबलं, म्हणून १९७८ धरा.

रबररिंग
आता पाणी. १५० मीटर हा आकडा नव्या वॉशरचा (पाणी रोखणाऱ्या रबरी कड्यांचा) होता. चाळीस वर्षांत झाकणाची, काचेची, चावीची (वेळ लावायच्या खुंटीची) सगळी रबरं एकतर चपटी होतात किंवा गुळासारखी चिकट. तिन्ही बदला, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा आणि प्रेशर टेस्ट करून घ्या. तोवर गंगापूर धरण सोडाच, बेसिनखालीही नको.

घरच्या घरी एक तपासणी होते. घड्याळ ४०-४५ अंशाला गरम करा (कोमट पाणी भरलेल्या वाटीवर ताटली ठेवून त्यावर), मग काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभराने पुसा. आतून धुकं आलं तर आत ओल आहे, झाकण आजच उघडा. धुकं आलं नाही याचा अर्थ एवढाच की आत्ता आत ओल नाही. वॉशर धड आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही.

चावी चार वाजताच्या जागी आहे, आटे असलेली. ती शेवटपर्यंत सरळ फिरते का बघा. आट्यांत घाण असताना जोर लावला की केसवरच्या नळीचे आटे जातात, आणि ते दुरुस्त करणं हे सगळ्यात खर्चिक काम. बेझल अडकते ती मात्र किरकोळ बाब: घाम आणि मळ सुकून दगड झालेला असतो. केसभोवती टेप लावा, पातळ पातं घालून चारी बाजूंनी थोडं-थोडं उचला, एकदम उपटू नका. खाली बेझलला टकटक थांबवणारा, क्लिकचा बारीक भाग असतो, तो उडाला तर फरशीवर सापडत नाही, म्हणून ताटात काम करा. पट्टा २२ मिमीचा. पण पिना जाड, २.५ मिमीच्याच घ्या, बारीक पिना भोकात खुळखुळतात आणि घड्याळ मनगटावरून सुटतं.

किलोओहम
एक राहिलं. घेतल्यावर थंडीत वेळ मागे पडली तर घाबरू नका. वेळ मोजणारा ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल साधारण २५ अंशाला सर्वात अचूक चालतो, तापमान वर-खाली कुठेही गेलं तरी तो मंदच होतो. नाशिकच्या डिसेंबरात कपाटात १० अंशाला पडून असेल तर दिवसाला अर्धा-पाऊण सेकंद मागे पडेल. मनगटावर असेल तर अंगाची ऊब पुरते.

गोदाकाठी
आभार. शनिवारी भिंग, मल्टिमीटर आणि नवा ३०१ घेऊन जातो. झाकण उघडायला नाही म्हणाला तर?

सहावा_आकडा
तर चहा प्या आणि परत या.