हळद नको, चहाच बरा

नवा कागद जुना दिसावा म्हणून तो हळदीच्या पाण्यात बुडवा, असं कुणीतरी सांगितलंय. आम्ही सांगलीकर, घरात हळदीला तोटा नाही, म्हणून भाच्याच्या नाटकातल्या खलित्यासाठी तेही करून पाहिलं. तो पिवळा लग्नपत्रिकेला शोभतो. शिवाय उन्हात उडतो आणि साबणाचा हात लागला की लाल होतो!

चहाच करा. दोन कप पाण्यात तीन-चार चमचे पावडर चांगली उकळून, गाळून कोमट होऊ द्या. कागद आधी चुरगाळून उलगडा, म्हणजे मोडलेल्या रेषांत रंग जास्त मुरतो आणि त्या गडद उठतात. परातीत पाच मिनिटं पुरे. ओला कागद उचलायला जाऊ नका, परात तिरकी करून पाणी ओता (आमचे पहिले दोन उचलतानाच फाटले). वाळला की वर फडकं टाकून इस्त्री.

लेझर प्रिंट चहात टिकते. जेल पेनची शाई पसरू शकते, तेव्हा हातानं लिहायचं ते शेवटी.

आणि ते मेणबत्तीवर कडा जाळणं सोडा हो. जुन्या कागदाला कसर लागते, कडा झिजतात; प्रत्येक दप्तराला आग थोडीच लागलेली असते? कडा ओल्या बोटानं भिजवून हळूच फाडा.