मदत हवी आहे: कृपेत विसावा घ्यायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

जय ख्रिस्त सगळ्यांना, मी नागपूर, सदरची. संडे स्कूल, घर, नोकरी सगळंच परफेक्ट व्हावं असं वाटत राहते अन् प्रार्थनेत जरा मन भटकलं की देव नाराज झाला असंच डोक्यात सुरू होऊन जाते. बायबलमधलं इफिसकरांस 2:8-9 पाठ आहे, तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने, आपल्या कर्मांनी नाही, मुलांना शिकवतेच ना मी! पण प्रेषित पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, न काढता प्रभू त्याला म्हणतो 'माझी कृपा तुला पुरे आहे', तिथेच मी अडकते, मला काटा आधी निघायला हवा असतो. मत्तय 5:48 चं 'पूर्ण व्हा' तर शत्रूवर प्रीती करण्याबद्दल आहे, 43 पासून वाचलं की कळते, तरी मनावरचं ओझं उतरत नाही. ज्यांचं उतरलं त्यांनी दिवसभरात काय बदललं, प्लीज सांगा ना.