अनुभव धागा: घरच्यांच्या नव्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कोणता घेतलात?

परभणीहून

बाबा जिंतूरला असतात, शाळेतून निवृत्त झालेत. दिवाळीत त्यांना कॉम्प्युटर घेतला. दुकानदाराने बिलात तीन वर्षांचा अँटिव्हायरस धरलाय, मशीनमध्ये ट्रायलचा वेगळाच आहे, आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहेच. बाबा पेन्शनचं खातं बघणार, नातवाचे फोटो ठेवणार, कीर्तनं ऐकणार. मी असणार फक्त रविवारी. तुमच्या घरी काय केलंत, सविस्तर लिहा. जाहिरात नको, स्वतःवर आलेलं हवं.

लातूरहून

भावाच्या मशीनवर विकतचा अँटिव्हायरस होता, मुदतही शिल्लक होती. तरी सगळं गेलं. पुतण्याला फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकटात हवं होतं. उतरवलेल्या फाइलसोबत सूचना होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. अर्ध्या तासात एकेका फोटोच्या नावामागे परकी अक्षरं चिकटली, एकही फाइल उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये तीच इंग्रजी चिठ्ठी, डॉलरमध्ये पैसे मागणारी.

वहिनी रात्री दोनपर्यंत एकेका फोटोवर क्लिक करत बसली होती. तिचे वडील त्याच वर्षी गेले. त्यांच्या मांडीवर आमची छकुली बसलेली, तो एकच फोटो तिला हवा होता. पैसे भरले नाहीत. फोटोही मिळाला नाही.

बॅकअपची हार्ड डिस्क होती हो, पण ती कायम मशीनला लावलेली, म्हणून तीही त्यात गेली. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडतो, कॉपी झाली की काढून कपाटात. कोणता अँटिव्हायरस हे नंतर ठरवा, आधी डिस्क घ्या. आणि घरातल्या पोराला रागावू नका. आमच्याकडचा महिनाभर कुणाशी बोलत नव्हता.

संभाजीनगरहून

बहिणीच्या लॅपटॉपवर भाऊजींनी एक विकतचा आणि एक फुकटचा, असे दोन घातले. लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं लागायची. दोन्ही एकाच फाइलवर झडप घालतात, मग कामाला जागा कुठून राहणार? विकतचा घातला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, तो काढला की परत कामाला लागतो. तेव्हा एका वेळी एकच.

नांदेडहून

आमच्या घरात व्हायरस आला तो पेनड्राइव्हमधून. भाचीच्या अ‍ॅडमिशनचे कागद प्रिंट करायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. घरी येऊन लावला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, कोपऱ्यात तो बारका बाण. मामा म्हणायले, डाटा गेला. गेला नव्हता, लपवला होता. आधी अँटिव्हायरसने स्कॅन केलं, मग लपलेल्या फाइली दाखवणारी अ‍ॅट्रिब कमांड दिली तेव्हा फोल्डर दिसायला लागले. असे शॉर्टकट दिसले तर त्यांच्यावर डबल क्लिक करू नका, व्हायरस तिथूनच मशीनमध्ये शिरतो.

जालन्याहून

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, तेव्हा मशीनमध्ये विंडोज ११ आहे ना बघून घ्या. आणि अपडेट थांबवू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या, फाइली अडवून पैसे मागणाऱ्या व्हायरसने जगभर मशीनं अडवली, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

भूमहून

मी विकतच्याच्या बाजूने लिहितो. क्विक हील ही अँटिव्हायरसची आपल्या पुण्याची कंपनी. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी उभी केली, याचं मला फार कौतुक आहे. आमच्याकडे नेट नव्हतं तेव्हा मी बार्शीहून पेनड्राइव्हवर अपडेटची फाइल आणून काकांच्या मशीनवर चढवायचो. आजही काकांकडे तोच आहे. लाल खूण दिसली की ते मला फोन करतात. मुदत संपायची तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

केजहून

आत्याच्या स्क्रीनवर अचानक लाल पाटी आली, भोंगा वाजायला लागला, 'बंद करू नका, या नंबरवर फोन करा'. आत्यानं फोन केला. पलीकडच्याने गोड बोलून दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं आणि बँकेचं खातं उघडायला सांगितलं. तेवढ्यात शेजारचा पोरगा आला, त्यानं नेटची वायरच उपसली. पैसे वाचले. ती पाटी म्हणजे नुसतं वेबपेज होतं. पैसे गेलेच असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

परभणीहून

काल जिंतूरला जाऊन आलो. ट्रायल काढला, डिफेंडर ठेवला. दुकानदाराने न फोडलेलं पाकीट परत घेतलं, त्यात थोडी भर घालून हार्ड डिस्क आणली. कॉम्प्युटरमधलं बाबांचं यूजर खातं साधं केलंय. नवं काही टाकायचं म्हटलं की पासवर्ड मागतं, तो माझ्याकडे. बाबांनी मॉनिटरखाली शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'लाल पाटी आली की माउस सोडायचा, परभणीला फोन लावायचा.'

मी त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. लातूरकर, बाबा विचारायलेत, आजोबा-नातीचा तो फोटो माहेरच्या कुणाच्या मोबाइलमध्ये आहे का, ते वहिनींनी पाहिलं का?