अक्वासिदाएची तारीख आणि मद्य ओतण्याचा क्रम

प्रश्न: घानातल्या असांते लोकांचा अक्वासिदाए हा पूर्वजांचा सण दर सहाव्या रविवारी येतो. मग मधला अवुकुदाए (तसाच बुधवारचा सण) बरोबर तीन आठवड्यांनी का नाही? आणि पूर्वजांना मद्य वाहताना आधी कोणाचं नाव घेतात?

आकडेमोड: सहा आणि सात दिवसांचे दोन आठवडे सोबत चालतात, म्हणून 42 दिवसांचं चक्र. दोन्ही सण सहाच्या आठवड्यातल्या ‘कुरू’ नावाच्या दिवशीच. 21 ला 6 ने भाग जात नाही, घोळ तिथेच. रविवारनंतर कुरू आणि बुधवार एकत्र येतात 24 दिवसांनी, पुढचा अक्वासिदाए त्यानंतर 18 दिवसांनी. नऊ चक्रं म्हणजे 378 दिवस, त्यामुळे आपल्या कॅलेंडरवर तारखा सरकणारच.

ओक्यामे (राजाचा प्रवक्ता): आधी न्यामे (सर्वोच्च देव), मग असासे याआ (भूमी), नंतर देवता, शेवटी पूर्वज. न्यामेसाठी पेला नुसता वर धरतात. बाकीच्यांना एकेका वाक्यागणिक थोडं थोडं जमिनीवर. एकदम ओतलंत तर पुढच्या नावांना काय उरणार? पेला उजव्या हातात, डावा अपमानाचा. ताडी किंवा श्नॅप्स (जिनसारखं कडक मद्य) चालते, पाणीही.

टीप: एक राहिलं. असासे याआ असांतेंकडे गुरुवारची, त्या दिवशी जमीन खणत नाहीत. फान्तेंकडे ती शुक्रवारची, नाव असासे एफुआ. म्हणून सरसकट ‘अकान’ (असांते, फान्ते ज्यात येतात तो मोठा समूह) म्हणू नका.