टीएनएफ-अल्फा उकळला तरी टीएचपी-१ पेशी आयएल-६ ओततातच. असं का?

इन्क्युबेटरवासी:
नमस्कार मंडळी. मानवी टीएनएफ-अल्फा या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाच्या विकतच्या व्हायलची किंमत ऐकून गाइडनी हात वर केले, म्हणून आता लॅबमध्येच करतोय. ई. कोलाय बीएल२१ डीई३ (प्रथिनं बनवून घ्यायचा बॅक्टेरिया), पीईटी वेक्टर (जनुक आत नेणारा डीएनए), हिस टॅग (निकेलला चिकटणारं शेपूट). १८ अंशांवर रात्रभर इंडक्शन, म्हणजे बॅक्टेरियाला प्रथिन बनवायला लावणं. प्रथिन मस्त विद्राव्य येतं, निकेल कॉलमनंतर जेलवर १७ केडीएच्या जरा वर एकच ठसठशीत बँड. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून टीएचपी-१ या मानवी मोनोसाइट पेशींवर टाकलं, आयएल-६ हे दाहाचं संकेत-प्रथिन भरभरून आलं. गाइड म्हणाले, कंट्रोल म्हणून ९५ अंशांवर अर्धा तास उकळून टाक. तर उकळलेल्यानंही तेवढंच! टीएनएफ इतका चिवट असतो का? लॅब मीटिंग तोंडावर आली आहे.

कोल्डरूमवाली मावशी:
टीएनएफ नाही रे चिवट. त्याचं तीन रेणूंचं त्रिक उकळल्यावर मोडतं आणि काम संपतं. उरतं ते ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजे एंडोटॉक्सिन. ते ऑटोक्लेव्हलाही भीक घालत नाही. काचसामानावरून घालवायचं तर हॉट एअर ओव्हनमध्ये २५० अंशांवर अर्धा तास लागतो. तुझ्या गाइडनी नेमका कंट्रोल सांगितला, त्यांना चहा पाज.

जेलवरच्या एका बँडवर इतका जीव टाकू नकोस. कूमासी, म्हणजे जेलचा रंग, एलपीएस रंगवत नाही. ०.२२ चा फिल्टर बॅक्टेरिया अडवतो, एलपीएस नाही. डायलिसिसचाही भरवसा नाही, कारण ते गोळे करून राहतं आणि प्रथिनाला चिकटतं. आणि टीएचपी-१ ला नॅनोग्रॅमचा अंशही पुरतो. १ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण १० एंडोटॉक्सिन युनिट, एवढं धर.

आता उपाय. प्रथिन निकेल कॉलमवर बसलेलं असतानाच ०.१ टक्का ट्रायटन एक्स-११४ (एक डिटर्जंट) घातलेल्या बफरने भरपूर धू, कॉलमच्या वीसेक पट तरी. मग बिनट्रायटनच्या बफरने तेवढंच धू आणि नंतर प्रथिन सोडवायला इमिडाझोल. हे सगळं कोल्डरूममध्ये. ट्रायटन एक्स-११४ बावीसेक अंशांच्या वर गढूळ होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाटली बाकावर ठेवलीस तर डोळ्यांदेखत दुधाळ होईल आणि कॉलम तुंबेल.

धुऊन झाल्यावर परत घाण घालू नकोस, हे जास्त महत्त्वाचं. बहुतेक लॅबमध्ये मिलीक्यूचं अतिशुद्ध पाणी कार्बॉयमध्ये भरून ठेवतात आणि त्यात ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरिया सुखाने नांदतात. शेवटचा बफर इंजेक्शनच्या पाण्यात कर. मेडिकलच्या दुकानात त्याच्या अँप्युल मिळतात, स्वस्तही असतात, आणि त्या पाण्याला मिलिलीटरमागे ०.२५ युनिटची मर्यादा असते. धुऊन-ऑटोक्लेव्ह करून परत वापरलेल्या टिप या कामाला नकोत.

पीबीएस_पुणेकर:
मावशींना +१. भर एवढीच: टीएनएफ काम करतो की नाही हे टीएचपी-१ वर बघूच नका. एल९२९ या उंदराच्या पेशी घ्या, पुण्यातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहात मिळतात. ॲक्टिनोमायसिन-डी (आरएनए बनणं थांबवणारं औषध) सोबत मानवी टीएनएफ त्यांना रातोरात मारतो, सकाळी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा आणि मोजा. एलपीएसने त्या तशा मरत नाहीत. एचईके२९३ या मानवी पेशींमध्ये एनएफ-कप्पाबीचा रिपोर्टर (टीएनएफचा संकेत पोचला की तसं दाखवणारं जनुक) असेल तर तेही चालेल, त्यांच्यात एलपीएस ओळखणारा टीएलआर४ नसतो.

क्लिअरकोली, म्हणजे एलपीएस बदललेली ई. कोलाय, हीही आहे, पण ती वाढते रडतखडत. शिवाय त्यातलं लिपिड फोर-ए माणसाच्या पेशी गप्प सोसतात, उंदराच्या थोड्याफार चिडतात.

इन्क्युबेटरवासी:
दोघांनाही धन्यवाद. पण उरलेलं ट्रायटनच पेशी मारणार नाही का? आणि पॉलिमिक्सिन-बी घालून भागवता येईल?

कोल्डरूमवाली मावशी:
ट्रायटनची भीती रास्त आहे. म्हणूनच नुसता बफर नको, पूर्ण नक्कल कर: रिकाम्या वेक्टरचे बॅक्टेरिया त्याच कॉलमवरून, त्याच धुण्यांतून ने आणि निघालेलं तेवढ्याच आकारमानात पेशींवर टाक. ट्रायटन, इमिडाझोल, एलपीएस, ज्याचा त्रास असेल तो तिथे दिसेल. रिव्ह्यूअरही यावर गप्प बसतात.

पॉलिमिक्सिन-बी एलपीएसच्या लिपिड-ए ला बांधतं, त्यामुळे निदानाला उत्तम. पण घाण तशीच ठेवून त्याच्या जोरावर पेपर लिहू नकोस, एलपीएस जास्त असेल तर ते पुरं पडत नाही. एलएएल या एंडोटॉक्सिन मोजायच्या किटने एकदा आकडा काढच. किट महाग वाटलं तर शेजारच्या लॅबबरोबर वाटून घ्या.

आणि गाइडना सांग, एक छोटी व्हायल विकत घ्यावीच लागेल, तुलनेला. ती आली की उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव. पावडर दिसत नाही, झाकणाला लागलेली असते. व्हॉर्टेक्स नको. आधी घट्ट द्रावण कर, मिलिलीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नकोस, नाहीतर प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटतं. लगेच छोटे भाग करून उणे ८० ला. पातळ करताना ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घाल, पण लो-एंडोटॉक्सिन लिहिलेलंच. साध्या बीएसएमधूनही एलपीएस येतं आणि मग तू इथे नवा धागा काढशील.