ज्युदो : रांदोरीत ओसोतो-गारी बसत नाही (मदत हवी आहे)

अनवट
जोडीदार स्थिर उभा असला की माझी ओसोतो-गारी (समोरच्याचा पाय मागून झाडून त्याला पाठीवर पाडण्याचा डाव) बिनचूक बसते. रांदोरी (मुक्त सराव-लढत) सुरू झाली की मात्र माझा पाय त्याच्या पायावर नुसता आपटतो आणि तो जागचा हलत नाही. पुढच्या आठवड्यात पट्ट्याची परीक्षा आहे, त्यामुळे 'सराव वाढवा' याखेरीज काही नेमके सांगावे.

पूर्वा_क
त्या क्षणी समोरचा रेटतो, खेचतो की ताठ उभा राहतो, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. पकड कोणती?

अनवट
रेटतो. वजनाने भारी आहे, म्हणून मीही उलट रेटतो.

तालीमकर
मग ताकद कमी पडते आहे. मी लाल मातीत वाढलो आहे. जोर-बैठका वाढवा, रेट्याला रेटा देता आला की कोणताही डाव बसतो.

पूर्वा_क
तालीमकर, मी सहमत नाही. तुमची धोबीपछाडसुद्धा अंगावर येणाऱ्याच्या झोकावरच साधते. १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची संस्था स्थापन करणारे, ज्युदोचे जनक जिगोरो कानो हेच आकड्यांनी समजावत : समोरच्याची ताकद १० आणि माझी ७ असेल, तर विरोध करून मी हरणारच, पण रेट्याबरोबर मागे सरलो, तर त्याचा तोल जातो आणि त्या क्षणापुरती त्याच्याकडे ३ इतकीच ताकद उरते.
ओसोतो-गारीत हात छातीला मागे लोटतात, पाय त्याच्या मांडीला मागून पुढे झाडतो, आणि या दोन विरुद्ध बलांमुळे माणूस उलथतो. मात्र त्यासाठी त्याचा भार त्याच पायाच्या टाचेवर यावा लागतो, आणि रेटणाऱ्याचा भार चवड्यांवर असतो. म्हणून उलट रेटू नका. मागे सरत बाही खेचा, तो सावरण्यासाठी मागे ताठ झाला की त्याच क्षणी आत शिरा.

सांजवेळ
ताई-चीमधील तुई-शौ करून पाहा. मनगटाला मनगट लावून समोरच्याचा जोर कुठून येतो हे ओळखण्याचा तो सरावच आहे. शिवाय, पडणाऱ्याने हनुवटी छातीशी घट्ट धरली पाहिजे, अन्यथा डोक्याचा मागचा भाग आपटतो.

तालीमकर
आठवड्यात ताई-ची शिकून होणार आहे का? झोकाचे मान्य आहे, पण मागे सरतानाही मांड्या भक्कम लागतातच.

अनवट
मागे सरून पाहतो. तो डावखुरा आहे, त्याने फरक पडतो का?

पूर्वा_क
फारच पडतो, आणि पकड मी त्यासाठीच विचारली होती. तुम्ही उजवे असाल तर तुम्ही झाडायचा तो त्याचा उजवा पाय डावखुऱ्या पवित्र्यात मागे राहतो आणि तुमचा पाय तिथवर पोचेपर्यंत तो सावरतो. अशा वेळी त्याच्या रेट्यावरच ताई-ओतोशी (पाय आडवा टाकून समोरच्याला पुढे पाडण्याचा डाव) घ्या, कारण तिची दिशा पुढची आहे. परीक्षेत ओसोतो-गारीच दाखवायची सक्ती आहे का, आणि जोडीदार हाच असेल का?