चौथं कडवं वाचाच

पुन्हा पुन्हा तोच मुद्दा येतो की 'जन गण मन' इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच्या स्तुतीसाठी लिहिलं. वाचून खरंच वाईट वाटतं. २७ डिसेंबर १९११ला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात हे गीत झालं. त्याच दिवशी राजाच्या गौरवाचं एक वेगळं हिंदी गाणंही म्हटलं गेलं, आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्हींची गल्लत केली. रवींद्रनाथांनी १९३७मध्ये पत्रातून खुलासा केला होता की गीतातला युगानुयुगांचा सारथी कुठलाच जॉर्ज असू शकत नाही.

आपण म्हणतो ते फक्त पहिलं कडवं, मूळ गीतात पाच आहेत. चौथ्यात घनघोर अंधारी रात्र आहे, मूर्च्छित देश आहे, आणि दुःस्वप्नात त्याला मांडीवर घेऊन जपणाऱ्या भाग्यविधात्याला कवी म्हणतो, 'स्नेहमयी तुमि माता'. ही हाक इंग्लंडच्या राजाला कशी असेल?